फिरकीचा तांब्या गोवळकोंड्याला जातो

मी एक जुना फिरकीचा तांब्या आहे. मित्रांनो, तुमच्यापैकी पुष्कळांनी मला पाहिलेच नसेल. साधा तांब्या मोटारीत हिंदकळतो आणि पाणी सांडते. माझ्या गळ्याला आटे पाडलेले आहेत, त्यामुळे झाकण फिरवून घट्ट लावता येते. वर धरायला कडी आहे. पूर्वी कुठेही गावाला जायचे म्हटले की कपड्यांच्या आधी माझ्यासारखा एखादा तांब्या भरून दारात ठेवला जाई.

माझा जन्म हुमनाबादच्या एका तांबटाच्या दुकानात झाला. गाव नुकतेच म्हैसूर राज्यात गेले होते आणि बाजारातल्या पाट्यांवर नवी कानडी अक्षरे चढत होती. पितळेच्या पत्र्यावर ठोके पडून पडून माझे पोट गोल झाले. मग आतून कल्हई झाली आणि मी चकचकीत होऊन फळीवर बसलो. पुढे माणिकनगरच्या जत्रेत मला अच्युतराव नावाच्या गृहस्थांनी विकत घेतले. ते कचेरीत कारकून होते. त्यांची मुलगी अनसूया शिक्षिका होण्यासाठी गुलबर्ग्याच्या ट्रेनिंग कॉलेजात निघाली होती. तिच्या ट्रंकेबरोबर मीही गेलो.

वसतिगृहाच्या खोलीत तिघी होत्या. एक अनसूया, दुसरी गंगव्वा. तिची बोली कानडी. मराठी तिला तोडकीमोडकी येई, पण ती जोरात बोले. तिसरी सावित्री. ती दुबलगुंडीची, शेतमजूर मारोतीची मुलगी. तिच्या घरच्यांनी एक-दोन वर्षांपूर्वी बुद्धाचा धम्म घेतला होता. ती कमी बोले आणि मला कधी हात लावत नसे.

एकदा भर दुपारी तिघी सरावाचा पाठ देऊन पायी परतत होत्या. एका झाडाखाली थांबून अनसूयाने माझी फिरकी उघडली. सावित्री नेहमीच्या सवयीने पुढे वाकली आणि तिने ओंजळ धरली. अनसूया मला तिरपे धरून तशीच उभी राहिली. ओतावे की देऊन टाकावे, हे तिचे तिलाच ठरत नव्हते.

गंगव्वा वैतागली. "हात कामून पसरायलीस? प्रसाद घ्यायलीस का? तांब्या घे की हातात!"

अनसूयाने मला सावित्रीच्या हातात दिले. सावित्री वरून धार धरून प्यायली. तिघी पुढे चालू लागल्या. मला त्यात काही वेगळे वाटले नाही, तांब्याला हात सारखेच असतात. पण त्या दिवसापासून सकाळी नळावर मला भरून आणायचे काम सावित्रीने स्वतःकडे घेतले.

कॉलेजात त्यांना एक युक्ती शिकवली होती. वर्गात गोंगाट झाला की ओरडायचे नाही. दोन टाळ्या सावकाश आणि तीन भराभर वाजवायच्या, की मुले गप्प होतात. सावित्रीच्या टाळ्या सगळ्यांत खणखणीत. हैदराबादची सहलही ठरली होती, पण ती काही कारणाने रद्द झाली. तिघी चारमिनार न बघताच पास होऊन घरी गेल्या.

काही वर्षांनी अनसूयाचे लग्न व्यंकटेश नावाच्या डॉक्टरशी झाले. तो इंग्लंडात नोकरी करत होता. जाण्याआधी हुमनाबादच्या मोटार अड्ड्यावर तिने मला सावित्रीच्या पिशवीत ठेवले.

"तिथं म्हणे घराघरांत नळ असतो," ती म्हणाली. "मी तांब्या घेऊन काय करू? तू शाळेला जाताना ने."

सावित्रीची पहिली नेमणूक भालकी तालुक्यात मेहकरला झाली होती. तिथल्या वर्गात मी तिच्या टेबलावर असे. मुलांनी माझ्यातले पाणी पुष्कळ प्यायले. आसपासच्या गावांतून कोणी मोठा माणूस शाळा बघायला आला तर सावित्री मला पुढे करी. काहीजण पाणी घेत, काहीजण 'तहान नाही' म्हणत. भर उन्हात दोन कोस चालून येऊनही तहान न लागलेली माणसे मी मेहकरातच पाहिली. पण तीच माणसे जाताना मुलांच्या वाचनाची तारीफ करून जात, हेही सांगितले पाहिजे.

पुढे तिची बदली दुबलगुंडीला झाली. तिचे लग्न झाले. नवरा पिराजी हुमनाबादच्या एस.टी. आगारात गाड्या दुरुस्त करी. त्यांना विशाखा नावाची मुलगी झाली. तिने मला दोनदा पाडले, म्हणून माझ्या पोटाला एका बाजूने पोचा आहे. याच विशाखाने जरा मोठी झाल्यावर जत्रेतून निळी प्लॅस्टिकची बाटली आणली. ती हलकी होती. मग माझी कल्हई उडाली, बाहेरून काळपट डाग पडले आणि मी कपाटावर जाऊन बसलो. माझ्यात आधी बटणे ठेवली गेली, नंतर सुया.

आणि एके दिवशी सावित्रीने माझ्यात गोळ्या ठेवल्या.

ती बिदरला डॉक्टरांकडे एकटीच जाऊन आली होती. लहानपणी सांधे सुजून ताप येई, त्या तापाने तिच्या हृदयाची एक झडप आवळली होती. चढ चढला की तिला धाप लागे. ऑपरेशन करून घ्या, असे डॉक्टरांनी स्पष्ट सांगितले होते. तिने घरी कुणाला सांगितले नाही. पिराजी कामावर आणि विशाखा शाळेत गेली की ती स्टुलावर चढून मला खाली घेई, एक पांढरी आणि एक पिवळी गोळी काढी आणि फिरकी लावून मला परत वर ठेवी. दोन वर्षे असेच चालले. त्या घरात ही गोष्ट फक्त मला माहीत होती, आणि माझा काही उपयोग नव्हता.

त्र्याऐंशी साल संपत आले असताना अनसूया गावी आली. महिनाभर राहिली, सगळ्यांना भेटली. परतीचे विमान हैदराबादहून मुंबईला आणि तिथून पुढे होते. तेव्हा गंगव्वाने जाहीर केले, "आपली सहल राहिलीय. दोन दिवस आधी निघू. हैदराबाद बघू आन् हिला विमानात बसवू."

सावित्रीने कपाटावर माझ्याकडे एकदा पाहिले. मग म्हणाली, "येते मी."

अनसूयाने विचारले, "माझा तांब्या आहे का गं अजून?"

सावित्रीने गोळ्या रुमालात बांधल्या, मला चिंचेने घासले आणि कल्हईवाल्याकडून आतून चांदीसारखे करून आणले. कितीतरी वर्षांनी माझ्यात पाणी भरले गेले.

जहिराबादमार्गे आम्ही हैदराबादला पोचलो, लॉजमध्ये सामान टाकले आणि लगेच बाहेर पडलो. मी सावित्रीच्या खांद्यावरच्या पिशवीत होतो. ते शहर फार आवाजी होते. रिक्षा, सायकली, हातगाड्या, लॉऱ्या आणि त्यांच्यामधून वाट काढणारी माणसे. रस्ता ओलांडताना तिघी एकमेकींचे हात धरत. गंगव्वा कानडी, मराठी आणि दखनी एकत्र करून रिक्षावाल्यांशी भांडे आणि बहुतेक वेळा जिंके.

पहिल्यांदा म्युझियम झाले. तिथे पिशव्या आत नेऊ देत नाहीत, म्हणून ते मी पाहिलेले नाही. दाराशी डब्या-थैल्यांच्या ढिगात मी बसून होतो. बाहेर आल्यावर गंगव्वा फक्त एका घड्याळाबद्दल बोलत होती. त्यातून एक बुटका माणूस येतो, टोले देतो आणि परत जातो. "बाकीचं म्युझियम तुमीच बघा म्हटलं. मी तितंच बसले."

चारमिनारपाशी जिना चढायची वेळ आली तेव्हा सावित्री म्हणाली, "तुम्ही जावा. मी खाली बांगड्या बघते."

"चल की गं, थोड्याच पायऱ्या आहेत," अनसूया म्हणाली.

"गुडघा दुखायलाय माझा."

तो गुडघा नव्हता. आम्ही खालीच थांबलो. नंतर तिघी लाड बाजारात शिरल्या. दोन्ही बाजूंना लाखेच्या बांगड्या चमकत होत्या. अनसूयाला तिघींसाठी सारख्या बांगड्या घ्यायच्या होत्या. सावित्रीच्या हातात मात्र त्या जाईनात. दुकानदाराने तिचा हात नीट पाहिला.

"अम्मा, हातां सूजे सो हैं," तो म्हणाला. "बडा नाप देतूं."

अनसूयाने वळून पाहिले. "हात कशानं सुजले गं?"

"काल लोणचं जास्त खाल्लं," सावित्री म्हणाली आणि मोठ्या मापाच्या बांगड्या घातल्या.

मित्रांनो, खरे असे होते की तिने गोळ्या घेतल्याच नव्हत्या. पिवळी गोळी अंगातले पाणी काढणारी होती. ती घेतली की वरचेवर लघवीला जावे लागते, आणि परक्या शहरात बाईमाणसाने जायचे कुठे? मैत्रिणींना सारखे थांबवायचे कसे? म्हणून तिने दोन दिवस त्या बंद ठेवायचे ठरवले. माझ्यातले पाणीही ती इतरांना देई, आपण घोटभरच पिई. बाहेरून पाहणाऱ्याला ती मजेत दिसत होती आणि ती मजेत होतीही. इराणी हॉटेलात चहा पिताना तिने गंगव्वाच्या रिक्षावाल्याची नक्कल केली तेव्हा अनसूयाला ठसका लागला.

दुसऱ्या दिवशी सकाळी गोवळकोंडा, दुपारी जेवण, मग थोडा वेळ हुसेनसागर तलाव आणि संध्याकाळी बेगमपेठचा विमानतळ, असा बेत होता.

गोवळकोंड्याच्या मोठ्या दरवाजाच्या घुमटीखाली टाळी वाजवली की ती थेट टेकडीच्या माथ्यावर ऐकू येते. हे बघायला सगळेच टाळ्या वाजवत होते. सावित्रीने वर पाहिले आणि जवळच्या दगडी ओट्यावर बसली.

"मी हितंच बसते. तुम्ही वर पोचलात की मी टाळ्या वाजवीन. शाळेतल्या. ऐकू येतात का सांगा मला."

दोघी गेल्या. मी तिच्या मांडीवर होतो. थोड्या वेळाने, त्या पोचल्या असतील असा अंदाज धरून तिने वाजवल्या. दोन सावकाश, तीन भराभर. आणि ती स्वतःशीच हसली.

मग तिला धाप लागली. बसल्या जागीच. तिने माझी फिरकी उघडायचा प्रयत्न केला, पण बोटांत जोर नव्हता. एक सहल नुकतीच आत गेली होती, पहारेकरी दूर विडी ओढत होता. तिने हाक मारली, पण तोंडातून आवाज आला नाही, नुसता वारा आला. तेव्हा ती उठली, भिंतीला धरून घुमटीखाली गेली आणि पुन्हा टाळ्या वाजवू लागली. दोन सावकाश, तीन भराभर. परत तेच. ती उठताना मी तिच्या मांडीवरून गडगडत खाली पडलो होतो आणि तिथूनच बघत होतो.

वर काय झाले ते गंगव्वाने पुढे अनेकदा सांगितले, म्हणून मला माहीत आहे. पहिल्या टाळ्या ऐकून दोघी लहान मुलींसारख्या नाचल्या. नंतरच्या टाळ्या ऐकून गंगव्वा म्हणाली, "बघ, आपली मास्तरीण थांबायलीच न्हाई."

अनसूया ऐकत राहिली. "तीन वाजवायच्या तिथं दोनच वाजायल्यात," ती म्हणाली. "सावित्री कधी चुकत नाही."

पुढच्या वेळी एकच वाजली. मग दोघी पायऱ्या उतरून धावत सुटल्या.

त्या आल्या तेव्हा सावित्री भिंतीला टेकून खाली बसली होती आणि तिचे ओठ निळसर झाले होते. पहारेकऱ्याने रिक्षा बोलावली. गंगव्वाने मला उचलले. त्या घाईत मी तिथेच राहिलो असतो तर कोणाला दोष देता आला नसता.

इस्पितळात इंजेक्शन दिले, नाकाला नळी लावली. दुपारपर्यंत तिची धाप कमी झाली. डॉक्टरांनी सावित्रीकडून सगळे काढून घेतले आणि दोघींना उलगडून सांगितले. ऑपरेशन इथेच होते, नेहमी होते, आणि आता पुढे ढकलण्यात धोका आहे. रुमालात बांधलेल्या गोळ्या खाटेवर पडल्या होत्या. अनसूया त्यांच्याकडे पाहत राहिली.

"दोन वर्षं झाली," ती म्हणाली. "मला कामून सांगितलं नाहीस?"

"सांगितलं असतं तर तू हैदराबाद दाखवली असतीस का? डॉक्टरच दाखवले असतेस."

"पिराजीला?"

"त्यांना झोप लागत न्हाई असलं काही ऐकलं की."

"मग आता ऑपरेशन करून घेणार ना?"

सावित्रीने तोंड भिंतीकडे वळवले. "विशाखाची परीक्षा होऊ दे. मग बघू."

"परीक्षेनंतर काय म्हणशील?"

सावित्रीने चादर वर ओढून घेतली. गंगव्वाने विमानाची आठवण करून दिली. सामान अजून लॉजवरच होते. अनसूयाने चपला काढल्या, खाटेखाली सरकवल्या आणि स्टुलावर मांडी घालून बसली.

"मी जात नाही. तू कबूल होईपर्यंत इथंच बसते."

"येड लागलंय का तुला? तुझी लेकरं वाट बघायलेत तिकडं!"

"तुझंही बघायलंय."

"अनसूया, उठ. इमान जाईल."

"जाऊ दे."

गंगव्वा दोघींकडे पाहत होती. तिला आरडाओरडा करता आला असता, तो तिचा स्वभाव होता. पण ती हळू आवाजात म्हणाली, "सावित्रे, कशाला भ्यायलीस ते तरी सांग."

तेव्हा सावित्री रडली. मी तिला इतक्या वर्षांत रडताना पाहिले नव्हते. "छाती उघडत्यात म्हणं," ती म्हणाली. "त्यातनं परत मीच उठीन का? माझी माय अशीच इस्पितळात गेली, ती आलीच न्हाई. पोरीला काय सांगू मी? येते म्हणून सांगू?"

डॉक्टरची बायको असूनही अनसूयाने 'काही होणार नाही' असे म्हटले नाही. तिने सावित्रीचा सुजलेला हात हातात घेतला. "येते म्हणून सांग," ती शेवटी म्हणाली. "घरून निघताना आपण सगळ्याच तसं सांगतो. मलाही ठाऊक नसतं."

सावित्रीने डोळे पुसले. "तू जा," ती म्हणाली. "मी करून घेते. गंगव्वा साक्षी हाय."

"शब्द?"

"व्हय. शब्द."

मग मात्र घाई झाली. अनसूयाने चपला घातल्या आणि निघाली. दारातून परत फिरून तिने सावित्रीच्या गालाला गाल लावला आणि धावत जिना उतरली. रिक्षाने आधी लॉजवर आणि तिथून विमानतळावर. विमान मिळाले, असे नंतर कळले. तिचा हुसेनसागर राहिला तो राहिलाच.

गंगव्वाने आगारात फोन लावला. पिराजी रात्रीच्या गाडीने आला. तो सावित्रीवर रागावला नाही. तिच्या खाटेजवळ बसून त्याने फक्त विचारले, "कपाटावरच्या तांब्यात ठेवायचीस व्हय? मी येकदा बटण शोधायला उघडणार होतो." आणि तो बराच वेळ माझ्याकडे बघत बसला.

ऑपरेशन झाले. शुद्धीवर आल्यावर सावित्रीने पहिल्यांदा पाणी मागितले. जास्त द्यायचे नव्हते, म्हणून पिराजी माझ्यातून चमच्याने थेंब थेंब तिच्या ओठांवर सोडत होता. मी पुष्कळ लोकांना पाणी दिले आहे. इतके थोडे कधी दिले नव्हते.

इस्पितळातून सुट्टी मिळाली त्या दिवशी गंगव्वा गावाहून परत आली. स्टँडकडे जाताना तिने रिक्षा हुसेनसागराच्या बांधावर थांबवली. "बेत पुरा करायचा," ती म्हणाली. तिघे कठड्याला टेकून बसले. पाणी मोठे होते, वारा सुटला होता आणि भाजलेल्या कणसांचा वास येत होता. तेवढ्यात बेगमपेठहून एक विमान उठले आणि त्यांच्या डोक्यावरून गेले.

गंगव्वा दोन्ही हात हलवून ओरडली, "अनसूयाक्का! आता कामून जायलीस? आमी तर आत्ताच आलाव!"

अनसूया जाऊन कित्येक दिवस झाले होते. सावित्रीला हसू आवरेना. तिने छातीवर हात दाबला.

"हसवू नकोस गं. दुखायलंय."

पिराजी एकदम उठला. "दुखायलंय?"

"व्हय," सावित्री म्हणाली. "टाक्यांपाशी. लई दुखायलंय." आणि तिने त्याचा हात धरून तो जिथे दुखत होते तिथे ठेवला.

मित्रांनो, या गोष्टीला काही वर्षे होऊन गेली. सावित्रीबाई दुबलगुंडीच्या शाळेत अजून शिकवतात. जिना असेल तिथे मध्ये थांबतात आणि का थांबल्या ते सोबतच्यांना सांगतात. अनसूयाबाई पुन्हा आलेल्या नाहीत, येणार आहेत असे ऐकतो. मी आता कपाटावर नसतो, टेबलावर असतो. वर्षातून एकदा कल्हई होते.

आम्हा भांड्यांचे एक असते. आतली कल्हई उडाली तरी आम्हांला सांगता येत नाही. ज्याने आमच्यात ताक ठेवले त्याला ते ताक हिरवट पडून कळकल्यावरच कळते. म्हणून माझी एवढीच विनंती आहे. आम्हांला अधूनमधून उघडून बघत जा. आणि तुमच्या घरात, वर्गात, मैत्रीत कोणी तक्रार न करता नेहमी सगळ्यांना पाणी देत असेल, तर त्याच्या हातातला तांब्या थोडा वेळ आपल्या हातात घ्या आणि त्याला विचारा, बाबा रे, तू प्यायलास का?